न कापलेल्या पानांचं पुस्तक

सोमवार, ३

कॉलेज सोडून महिना होऊन गेला तरी घरात माझ्याशी कोणी धड बोलत नाही. बाबा आईमार्फत बोलतात. "त्याला म्हणावं जेवायला बस." मी समोरच बसलेला असतो. शेवटी आईने तोडगा काढला आणि मला तिच्या भावाकडे, मामाकडे, जुन्या पुस्तकांच्या दुकानात पाठवलं. म्हणे, "निदान चार माणसांत राहशील." मामाच्या दुकानात दिवसाला चार माणसं आली तर मामाच दचकेल.

माझ्याबद्दल वाटेल ते बोललं जातंय म्हणून इथे खरं लिहून ठेवतो. मी नापास झालेलो नाही. प्रात्यक्षिकात भिंगाचं नाभीय अंतर काढायचं होतं, माझं उत्तर पुस्तकातल्याशी जुळेना. सर म्हणाले, येतंय ते लिहू नकोस, यायला हवं ते लिही. मी म्हटलं, मग भिंग कशाला दिलंत, उत्तरच द्यायचं होतं. पुढे आवाज चढले, वही खिडकीतून बाहेर गेली आणि मी दारातून.

मामाने स्वागत काय करावं? मान एका बाजूला वळवली, नासका बटाटा बघावा तसं डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आलास? शिडी पूस, फळ्या पूस. पुस्तकं पुसू नकोस."

सरळ बघण्याचीसुद्धा माझी लायकी उरलेली नाही तर.

बुधवार, ५

आज फळीवरून भांडण. मागच्या खोलीतली फळी मी नवीन ठोकली. मामा आला, लांबून बघून म्हणाला, "वाकडी आहे. मध्ये पोट आलंय तिला."

मी सुताराकडून लेव्हल मागून आणली. बुडबुडा बरोब्बर मध्ये. "हे बघ मामा. बुडबुडा खोटं बोलतो का?"

"मग माझे डोळे खोटं बोलतात?" असं म्हणाला आणि जवळ येऊन फळीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता चूक कबूल करेल. कसलं काय. "राहू दे," म्हणून पुढे निघून गेला. हरलेला माणूस "राहू दे" म्हणतो, हे मला बाबांमुळे माहीत आहे.

आणि दिवसभर ते "वाच". कुठलंही पुस्तक हातात घेतलं की माझ्याकडे सरकवतो. "वाच. वर काय आहे? खाली? साल कोणतं?" मी पहिलीतला असल्यासारखा. स्वतः चाळीस वर्षं हेच केलेला माणूस. दिसत नाही का त्याला, मला वाचता येतं ते?

शुक्रवार, ७

इथे टिकायला आता एक कारण सापडलं आहे.

समोर चष्म्याचं दुकान आहे. मालक बहुतेक आत असतात, बाहेर ती असते. डोळ्यांचे नंबर तीच काढते. आज आमच्याकडे आली तेव्हा मी शिडीवर होतो, केसांत जळमटं. तिने वर बघून विचारलं, "तू मामांचा भाचा ना? कधीपर्यंत आहेस?"

तू. पहिल्याच भेटीत. मी शिडीवरून "तुम्ही म्हणाल तोपर्यंत" म्हणणार होतो, पण तोंडातून "अं" एवढंच आलं.

मग ती मामाशी खालच्या आवाजात बोलत होती. जाताना पुन्हा माझ्याजवळ थांबली. "मामा जिना नीट उतरतात ना? रस्ता ओलांडताना तू असतोस का बरोबर?" तिला माझ्याशी बोलायचं होतं आणि विषय सुचत नव्हता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मीही मदत केली, जिन्यावर बराच वेळ बोललो. पायऱ्या, कठडा, सगळं.

शनिवार, ८

एका वारलेल्या वकिलाच्या घरून पेटी आली. सगळी कायद्याची पुस्तकं, वाळवीलासुद्धा कंटाळा आलेला. तळाशी कापडात गुंडाळलेलं एक चौकोनी पुस्तक. मामाने कागदावरून हात फिरवला, पानाचा वास घेतला आणि खुर्ची ओढून बसलाच.

"वाच."

लॅटिन. मला कुठलं येतंय. पण त्यात "लुमेन" दिसलं आणि तेवढं ओळखीचं निघालं, प्रकाश मोजायचं एकक. मी म्हटलं, "प्रकाशावरचं आहे काहीतरी." मग लिहिणाऱ्याचं नाव आणि सालाची रोमन अक्षरं एकेक करून सांगितली. मामाने ती बोटांवर जुळवली. तीनशे वर्षांहून जुनं. कुणा भिंगं घासणाऱ्या पंडिताने प्रकाश कसा वाकतो, डोळा कसा बघतो यावर लिहिलेलं. पहिली आवृत्ती.

पण मामा त्याहून वेगळ्याच गोष्टीने वेडा झाला. तेव्हा मोठा कागद छापायचे, त्याच्या घड्या घालायचे आणि तशीच पुस्तकं शिवायचे. घड्यांच्या कडा ज्याने त्याने वाचताना सुरीने कापायच्या. या प्रतीच्या घड्या कोणी कापल्याच नाहीत. अर्धी पानं पाकिटासारखी आत बंद. म्हणजे छापल्यापासून आजवर हे पुस्तक एकाही माणसाने वाचलेलं नाही.

"म्हणूनच ते मोलाचं," मामा म्हणाला.

"न वाचल्याबद्दल?"

"न वाचल्याबद्दल."

मी कपाळाला हात लावला. प्रकाशावर लिहिलेलं पुस्तक तीन शतकं अंधारात, आणि मामाला त्याचा आनंद. मी विचारलं, आत काय लिहिलंय हे तुला जाणून घ्यावंसं वाटत नाही? पुस्तक परत कापडात गुंडाळत म्हणाला, "वाटून काय करू? हात लावू नकोस. लावलास तर आईकडे परत."

मंगळवार, ११

वर्णन लिहिण्याचा दिवस. छळ.

या धंद्यात माणूस पुस्तक न बघता, वर्णन वाचून घेतो. म्हणून किडीने पाडलेलं टाचणीएवढं भोकही लिहायचं. एक सुटलं तर पुस्तक परत येतं आणि विकणाऱ्याचं नाव जातं. मामाचं आजवर एकही पुस्तक परत आलेलं नाही. हे मला रोज एकदा ऐकायला मिळतं, जेवणानंतरच्या गोळीसारखं.

मामा तोंडाने सांगत होता, मी लिहीत होतो. खरं तर मीच बघून सांगत होतो आणि तो मला पकडत होता. "डाग? कसला डाग? चहाचा, पाण्याचा की तेलाचा? केवढा? नखाएवढा? कुणाच्या नखाएवढा?" दुपार गेली त्यात. शेवटी लिहिलं: सर्व घड्या शाबूत, एकही पान कापलेलं नाही. मामाने सही केली तर ती ओळ सोडून खाली घसरली. दुसरा कागद आणू का विचारलं. म्हणाला, "ओळ कागदाची, सही माझी."

वर्णन एका संग्रहालयाच्या माणसाला जाणार. मामा म्हणतो, हे पुस्तक त्यांच्याकडे गेलं की तो दुकान आवरायला मोकळा. "शेवटचं असं जावं की कोणाला बोट ठेवायला जागा नको." शेवटचं कशाला, धडधाकट आहे की. म्हाताऱ्या माणसांना असं बोलायची हौस असते.

गुरुवार, १३

ती आज चौकटींचा एक कागद घेऊन आली, मध्ये काळा ठिपका. मामाने तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. फळ्या सरळ लावायला असेल, म्हणजे माझं भांडण तिच्या कानापर्यंत गेलंय. मामा त्याच्यासमोर एक डोळा मिटून उभा राहतो, नेम धरल्यासारखा. त्यापेक्षा लेव्हल वापर म्हटलं, तर मामी वर घरातून ओरडली, "तू तुझं काम कर रे. आणि माझं स्टूल कोणी हलवलं? हजार वेळा सांगितलं, या घरात वस्तू जागच्या जागी पाहिजेत."

या घरात माणूस नाही, फक्त वस्तू जागेवर पाहिजेत.

संग्रहालयाचं उत्तर आलं. वर्णन वाचून साहेब खूश आहेत, एकवीस तारखेला स्वतः येतील. मामाने मला ते तीनदा वाचायला लावलं.

संध्याकाळी तिचा भाऊ तिला मोटरसायकलवरून न्यायला आला. चांगला दिसला मुलगा. त्याच्याशी ओळख वाढवायला हवी.

शुक्रवार, १४

काय लिहू.

दुपारी मामा वर झोपला होता. ती आली, मामांनी थेंब घातले का विचारलं. कसले थेंब, मला काय माहीत. मी तिला पुस्तक दाखवलं. नुसतं दाखवायचंच होतं. एका बंद घडीत खालून डोकावलं तर आत चित्र दिसत होतं, मोठा गोल आणि त्यात शिरणाऱ्या रेषा. ती वाकली, तिच्या वेणीचं टोक माझ्या मनगटाला लागलं.

"हा डोळा आहे," ती म्हणाली. "आडवा कापलेला. हे भिंग. पण मागचा पडदा कुठे काढलाय, ते घडीच्या आत गेलंय. तेव्हा त्यांना काय माहीत असेल कोण जाणे. बघायला मिळालं असतं तर." आणि गिऱ्हाईक आलं म्हणून गेली.

बघायला मिळालं असतं तर. माझ्या डोक्यात हे एकच वाक्य. एक घडी. एकच. आणि मी कापणार होतो ते वाचण्यासाठी, पुस्तक ज्यासाठी असतं त्यासाठी. टेबलावर स्टीलची पट्टी होती. सुरुवात छान झाली, कागद रेशमासारखा सुटत गेला. मग पट्टी अडली, मी जोर लावला आणि फाट तिरपी आत गेली. चित्रापासून बोटभर अंतरावर थांबली.

तरी मी वेडा धावत समोर गेलो आणि तिला बोलावून आणलं. वाटलं, चित्र बघून तिचा चेहरा उजळेल. ती चित्राकडे बघेचना. फाटलेल्या कडेकडे बघत राहिली.

"मामांना विचारलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, बघायला मिळालं असतं तर."

"मी म्हणाले?" ती इतक्या थंडपणे म्हणाली की मी मागे सरकलो. "ऐक. आजच्या आज त्यांना सांग. तू सांग. त्यांना स्वतःहून..." आणि थांबली.

"स्वतःहून काय?"

"काही नाही. सांग म्हटलं ना."

जीव काढून दिला तरी बायकांना फाटलेली कडच दिसते.

रविवार, १६

सांगितलं नाही. काल दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा मामा म्हणाला, "पुस्तकाबद्दल असेल तर पुस्तकाला हात लावायचा नाही एवढंच बोलणं आहे." दुसऱ्यांदा मीच म्हटलं, मामा, समजा लावला तर? तो म्हणाला, "समजा तुझी आई दारात उभी आहे." आईकडे परत म्हणजे समोरचं दुकान संपलं. मी तोंड मिटलं.

पण त्याहून भयंकर वेगळंच आहे. मला वाटतं मामाला कळलंय.

आज त्याने ते पुस्तक एका जुन्या मित्राला दाखवायला बाहेर काढलं. नेमक्या त्याच घडीजवळ उघडलं. मी दाराची चौकट धरून उभा. फाटलेली कड त्याच्या नाकासमोर. आणि तो मान वाकडी करून, माझ्याकडे तो तसला तिरका कटाक्ष टाकून म्हणतो, "बघ, एकाही माणसाचा हात लागलेला नाही." मित्राचा चष्मा घरी राहिलेला, त्याने नुसती मान डोलवली.

एवढी फाट न दिसायला मामा काय आंधळा आहे? त्याला सगळं दिसलंय. मी कधी तोंड उघडतो याची वाट बघत मजा घेतोय. असं पुस्तक पुढ्यात ठेवून, असं बोलून, असं तिरकं बघून. यापेक्षा थोबाडीत मारलेली परवडली असती.

सोमवार, १७

डिंकाने चिकटवून बघावं का, असं वाटलं. बाटली उघडलीसुद्धा. मग सर आठवले, यायला हवं ते लिही. बाटली बंद केली. डिंक बोटांना लागला तो दिवसभर निघाला नाही.

बुधवार, १९

ती शुक्रवारपासून बोलत नाही. आज रस्त्यात गाठलं. म्हणाली, "सांगितलंस?" मी म्हटलं, त्याला माहीत आहे, तो मला खेळवतोय. ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला खरंच असं वाटतं?"

"मग? नाकासमोर धरून बघितलं त्याने."

"नाकासमोर धरलं म्हणूनच," एवढंच म्हणाली आणि पुढे काही सांगेना. "मी शब्द दिलाय," म्हणे. कोणाला दिलाय, कशाचा दिलाय, काही नाही. सगळं जग माझ्याशी कोड्यात बोलतंय. तेवढ्यात भाऊ आला मोटरसायकल घेऊन. मी त्याला हसून नमस्कार केला, त्याने गोंधळून केला.

घरी मामीला विचारलं, मामा माझ्यावर एवढा का चिडलेला असतो, सरळ बघतही नाही. मामी कणीक मळत होती. हात थांबले. "चिडलेला नाही रे तो," म्हणाली, मग परत मळायला लागली, जरा जास्तच जोरात. "शुक्रवार होऊन जाऊ दे. मग बघू. शुक्रवारी तेवढा त्याच्याजवळ उभा राहा."

उभा राहा. जणू मी खुंटी आहे.

उद्या सांगतोच.

गुरुवार, २०

नाही सांगितलं. मामाने दिवसभर दुकान झाडून घेतलं, स्वतःचे कपडे इस्त्रीला दिले. मामी म्हणाली, लग्नातसुद्धा एवढी तयारी केली नव्हती. तो हसला. मला वाटलं, असा हसताना सांगू नये.

शुक्रवार, २१

साहेब सकाळी आले. बारीक माणूस, पांढरे हातमोजे खिशात घालून आलेला. मामाने खुर्ची दिली, पुस्तक समोर ठेवलं आणि मागे हात बांधून उभा राहिला. मी मामाजवळ, खुंटीसारखा.

साहेबांनी हातमोजे घातले. एकेक घडी बोटाने तपासत गेले. मी मनात म्हणत होतो, आता. आता. मग ते थांबले.

"ही तर कापलेली आहे."

"कुठली?" मामा म्हणाला.

"ही. आणि फाटलीय. ताजी फाट आहे. तुम्ही लिहिलं होतंत, एकही पान कापलेलं नाही."

"नाहीच," मामा म्हणाला. किती ठामपणे म्हणाला.

साहेबांनी पुस्तक उचलून मामाच्या समोर धरलं. "हे बघा ना."

मामाने बघितलं. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मी त्याच्या कपाळाकडे बघत होतो, घाम आलेला. तो काही शोधत होता. मला पहिल्यांदा वाटलं की तो खेळत नाहीये.

"कुठे म्हणालात?"

"समोर धरलंय मी," साहेबांचा आवाज बदलला. "माफ करा, पण तुमचं नाव ऐकून मी एवढ्या लांबून आलो. तुमच्या वर्णनावर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवतो. हे दिसत नाही असं म्हणता?"

त्या आवाजाने माझं डोकं फिरलं. माझ्या मामाशी या आवाजात? मी ओरडलो, "मी फाडलं. मामाचा काही संबंध नाही. वर्णन गेल्यावर मी फाडलं, स्टीलच्या पट्टीने. त्याने लिहिलं तेव्हा ते खरंच होतं. वाचायचं होतं मला. पुस्तक वाचायला असतं. तुम्ही कोणी वाचणारच नव्हतात, म्हणून मी कापलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मामाकडे बघून हळूच विचारलं, "आठवडाभर हे तुमच्याजवळ होतं. तुम्हाला दिसलं नाही?"

मामाने मागचे हात सोडले. टेबल चाचपलं, धरलं.

"नाही," तो म्हणाला. "मला मधलं दिसत नाही. वर्ष होईल आता. कडेचं दिसतं, मधलं जातं."

आणि मग सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. वाकडी फळी. "वाच, वाच." घसरलेली सही. आणि तो तिरका कटाक्ष, जो मी रोज शिवीसारखा अंगाला लावून घेतला. तो मला तुच्छ लेखत नव्हता. तो मला बघत होता. त्याच्या डोळ्यांत बघायला तेवढीच जागा उरली होती.

साहेबांनी पुस्तक हळूच खाली ठेवलं. आवाज परत माणसाचा झाला होता. म्हणाले, बंद प्रत म्हणून आता घेता येणार नाही. खरं वर्णन परत पाठवा, मग बघतो. वचन देत नाही. मामा म्हणाला, "बरोबर आहे." त्यांना दारापर्यंत सोडलं, उंबरठ्याची आठवण त्यानेच त्यांना करून दिली.

मग कठडा धरून वर निघून गेला. मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आपलं आपण सामान भरायला घेतलं.

शनिवार, २२

सामान भरून खाली आलो तर मामा म्हणाला, "कुठे?"

"आईकडे. तूच म्हणाला होतास."

"आणि वर्णन कोण लिहिणार? मी?" चिडून म्हणाला. "फाडायला पुढे, लिहायला पळ. ठेव ती पिशवी."

मी म्हटलं, मला का सांगितलं नाहीस? त्यावर जे भांडण झालं ते मामीने वरून ऐकलं आणि मध्ये पडली नाही. मी म्हणालो, तू मला महिनाभर मूर्ख बनवलंस. तो म्हणाला, "महिना कुठला, आलास कधी? आणि बनवायला काय लागतंय." मी म्हणालो, मला माहीत असतं तर मी ती घडी कापलीच नसती. तो म्हणाला, "का? आंधळ्याचं पुस्तक फाडायचं नसतं, डोळसाचं चालतं?" मला त्याचा इतका राग आला आणि इतकं रडू आलं की दोन्ही मिळून उचकी लागली. मामाने पाण्याचं भांडं पुढे केलं, जरा बाजूला. मीच हात वळवून घेतलं.

दुपारी समोर गेलो. ती म्हणाली, "मी त्यांना शब्द दिला होता. शेवटचं पुस्तक स्वतःच्या सहीने जाऊ दे म्हणाले, मग सांगू सगळ्यांना." मग नीट समजावलं: पडद्याचा मधला भाग झिजतो, सरळ रेषा वाकड्या दिसतात, तो चौकटींचा कागद तेच तपासायला होता. समोरच्याचं तोंड बघायचं तर त्याच्या कानाकडे बघावं लागतं. चष्म्याने होणारं नाही, मोठ्या डॉक्टरांकडे जायला हवं, आहे ते टिकवायला. त्यांना दर वेळी कोणीतरी घेऊन जायला हवं. "म्हणून तर विचारत होते, तू कधीपर्यंत आहेस."

म्हणून.

मी म्हटलं, मी नेईन. मग लगेच, आपलं वेळ साधून, विचारलं, तुमच्या भावाला चहाला बोलावू का एकदा? ती गोंधळली. "मला भाऊ नाही." मग हसली, आणि हसू आवरत म्हणाली, "अरे, आमचं पुढच्या महिन्यात आहे. तुला पत्रिका देणार होते. तू त्याला एवढा वाकून नमस्कार का करतोस, हे तो मला परवाच विचारत होता."

रस्ता ओलांडून परत आलो. कसा ओलांडला माहीत नाही, एका गाडीवाल्याला माहीत असेल, तो बरंच बोलला. एवढ्या जवळून बघून मला काय दिसलं होतं? एक मामा, एक ती, एक मोटरसायकल. तिन्ही चूक. आणि माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही.

मंगळवार, २५

वर्णन नवीन लिहिलं. तीन वेळा. या माणसाबरोबर काम करणं म्हणजे शिक्षा आहे.

पहिल्यांदा मी लिहिलं: एक घडी दुर्दैवाने उघडली गेली आहे. मामा म्हणाला, "दुर्दैवाने? दैवाच्या हातात स्टीलची पट्टी होती का?" दुसऱ्यांदा लिहिलं: सुंदर चित्राजवळ छोटीशी फाट. "सुंदर काढ. छोटीशी काढ. किती ते सांग. त्यांना तुझं मन नको, फाट हवी." मी पट्टी, तीच ती, आपटून म्हटलं, मग तूच लिही. तो म्हणाला, "दिसत असतं तर तुला विचारलं असतं?" आता हे हत्यार त्याला सापडलंय. दर दोन वाक्यांनी वापरतो.

तिसऱ्यांदा असं लिहिलं: एक घडी अलीकडे, घाईने, बोथट पट्टीने कापलेली, फाट चित्रापासून बोटभर अलीकडे थांबते, कापणारा या दुकानातलाच. मामाने वाचायला लावलं, मग परत. मग म्हणाला, "हं."

त्याचं "हं" मिळवायला एवढा जीव जातो.

मी कागद त्याच्यापुढे सरकवला, सहीची जागा बोटाने दाखवली. त्याने तो परत सरकवला.

"जे मी बघितलं नाही त्याखाली माझं नाव नको. एकदा घातलं, पुरे झालं."

"मग कोणाचं?"

"ज्याने बघितलं त्याचं."

मी म्हटलं, मामा, मला कोण ओळखतं? कॉलेज अर्धवट, धंद्यात तीन आठवडे, त्यातही पुस्तक फाडलेलं. माझ्या सहीवर तो हातमोजेवाला पुस्तक घेईल? नाहीच घेणार. तुझं शेवटचं पुस्तक माझ्यामुळे इथेच पडून राहील. मामा म्हणाला, राहील तर राहील, पण परत येणार नाही. आणि शेवटचं कोण म्हणालं? ते तो एकटा होता तेव्हाचं बोलणं. मागच्या खोलीत वकिलाची पेटी अजून अर्धी भरलेली आहे, डॉक्टर गुरुवारी आहेत, त्याआधी ती रिकामी व्हायला हवी. अशी कामं सांगत सुटला की मला नाही म्हणायला फटच मिळेना.

पेन घेतलं. ती सगळी वाक्यं पुन्हा वाचली. खरी होती. शब्दन् शब्द जसा आला तसा. तरी हात पुढे जाईना. याखाली नाव घातलं की फाट माझी, बोटभर अंतरही माझं, आणि उद्या काही सुटलेलं निघालं तर तेही माझं.

मामा मान वळवून, माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होता. म्हणजे माझ्याकडे.

"थांबलास का?" तो म्हणाला. "दिसत नाहीये का काही?"

"दिसतंय."

"मग कर."